एक्कावन्नावी नोट

पासपोर्ट नुकताच पोस्टानं आलाय, पोरगं न्यू जर्सीला नाहीतर दुबईला चिकटलंय, भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी बॅगेत बसवून झालीय, आणि आता फक्त ‘पैसं किती न्यायचं’ एवढंच ठरायचं राहिलंय, अशा बारामती-इंदापूरकरांसाठी हे प्राथमिक धडे आहेत. पूर्वशिक्षणाची अट नाही. नोटा मोजता आल्या की झालं, आणि त्या तर आपल्याकडं अंधारातही मोजतात. भिगवणच्या मासळी बाजारात लिलाव उरकल्यावर ओल्या बोटांनी ओल्या नोटा मोजणारा माणूस एकदा बघून या. बोटाला थुंकी लावायची गरजसुद्धा पडत नाही त्याला.

अडचण मोजण्याची नाहीच. मोजलेला आकडा सरकारी माणसापुढं मोठ्यानं म्हणता येणं ही खरी परीक्षा, आणि तिथं आपली भलीभली माणसं नापास होतात.

धडा पहिला: तोंड उघडणे

आपल्याकडं पैशाचा आकडा विचारायचा असतो, सांगायचा नसतो. एकरी ऊस किती निघाला म्हटलं की माणूस दहा टन चढवून सांगतो. कारखान्याचं बिल किती जमा झालं म्हटलं की तोच माणूस ‘कुठलं काय, सोसायटीनंच कापून घेतलं’ म्हणतो. डाळिंबाची पट्टी किती आली? भागलं. द्राक्षाचं काय झालं? औषधालाच गेलं. दुधाचं? पेंडीत गेलं. पोराला अमेरिकेत पगार किती? त्याचं त्याला पुरतंय. याला कुणी लबाडी म्हणू नये. आकडा कळला की उसनं मागायला येतात, वर्गणीचं पावतीपुस्तक दोनदा येतं, आणि भाऊबंद बांध कोरायला नव्या जोमानं लागतात.

कस्टमचा माणूस मात्र आकडाच विचारतो. ‘भागतंय’ ही रक्कम त्याच्या तक्त्यात नाही.

नवशिक्यानं इथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी. परकी रोकड जवळ आहे एवढ्यावरून बहुतेक देश कुणाला धरत नाहीत. ठरावीक रकमेच्या वर असेल तर सांगा म्हणतात, आणि सांगितलं नाही तर मात्र धरतात. म्हणजे आपल्या रीतीच्या बरोब्बर उलट. गावात सांगितलं की फसलात, तिथं लपवलं की फसलात.

आमच्या आबांचं उदाहरण घेऊ. आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, राहणार इंदापूर तालुका, नीरेकाठ. गावाचं नाव देत नाही, रागावतील. पोराकडं अमेरिकेला जायचं ठरल्यावर त्यांचा सराव घेण्याचं काम माझ्याकडं आलं.

“आबा, मी साहेब. सांगा, तुमच्याकडं रोख किती?”

“हाय की थोडं.”

“आकडा सांगा.”

“लागंल तेवढं हाय.”

“आबा, आकडा.”

आबांनी उठून दार लावलं, खिडकीतून बाहेर बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “तू आधी सांग, तुला कुणी विचारायला लावलंय?”

शेवटी गोठ्यात कडबाकुट्टी चालू करून त्या आवाजात सराव घेतला. यंत्र घरघरत होतं आणि आबा त्याच्या शेजारी उभं राहून ‘तीन हजार डॉलर’ ओरडत होते. चौथ्या दिवशी यंत्र बंद ठेवून म्हणता आलं. पाचव्या दिवशी दुसऱ्या पुतण्याच्या देखत. काकूंच्या देखत मात्र शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. त्याचं काय झालं ते पुढं येईलच.

भाषेची एक सूचना. विमानतळावर ‘पेटी’ हे एकक वापरू नये. ‘अर्धी पेटी हाय’ म्हणालात तर तो बॅगा उघडून अर्धी पेटी शोधत बसेल. आणि ‘खोका’ हा शब्द २०२२ पासून महाराष्ट्रात कुठंच गंभीरपणे म्हणता येत नाही, तो घरीच ठेवून निघावं.

धडा दुसरा: साहित्य

बंडी एक, आतून चोरखिसा असलेली. ही इंदापुरातच शिवून घ्यावी, मुंबईचे शिंपी चोरखिसा बाहेरून दिसेल असा शिवतात. आबांच्या बंडीला डाव्या काखेखाली खिसा होता, त्यावर फडकी, फडकीला दोन बटणं, आणि बटणांवर काकूंनी विश्वास नाही म्हणून घातलेला एक टाका. चोरखिसा बाळगायला कायद्याची हरकत नाही. चोरापासून लपवा, खिसेकापूपासून लपवा, शेजारच्या सीटवरच्या पाहुण्यापासून तर लपवाच. साहेबानं विचारल्यावर मात्र आत काय आहे ते सांगायचं. दाखव म्हणाला तर दाखवायचं. कात्री विमानात नेऊ देत नाहीत, तेव्हा टाका दातानं तोडता येईल असाच घालावा.

पावत्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी एक. बँकेची किंवा अधिकृत चलन विक्रेत्याची डॉलरची पावती तिच्यात, आणि ती पिशवी हातातल्या बॅगेत. सामानात टाकलेली पावती आणि विहिरीत पडलेली बादली, गरजेच्या वेळी दोन्हींचा सारखाच उपयोग.

धडा तिसरा: पन्नासाचा पाढा

आता अंक. घाबरू नका, सगळा हिशोब पन्नास नोटांत बसतो.

भारतात राहणाऱ्या माणसाला परदेशी जाताना आपले रुपये बरोबर नेता येतात ते २५,००० पर्यंत. परत येताना आणता येतात तेही तितकेच. पाचशेच्या नोटा धरल्या तर पन्नास. बँकेच्या बंडलात शंभर नोटा असतात, म्हणजे निम्मं बंडल. पन्नासावी नोट सज्जन, एक्कावन्नावी गुन्हेगार.

इथं आपल्या संस्कृतीचा आणि रिझर्व्ह बँकेचा पहिला खटका उडतो. आपल्याकडं शून्यानं संपणारी रक्कम कुणी कुणाच्या हातावर ठेवत नाही. नातवाच्या बारशाला ५०१, सुनेच्या ओटीत १,००१, वर रुपया हवाच, नाहीतर पाकीट अपशकुनी. आबा निघाले त्या संध्याकाळी आळीतल्या बायका एकेक पाकीट घेऊन आल्या. तिकडं रुपया चालत नाही हे सांगून काय उपयोग, भावना चालते. सगळी पाकिटं धरून आबांची भारतीय रक्कम भरली पंचवीस हजार एक. मी म्हटलं, “आबा, एक रुपया काढा.” काकू म्हणाल्या, “शुभ रुपाया काढायचा नस्तो.” मग मोठ्या विचारान्ती एका पाकिटातली पाचशेची नोट काढली आणि रुपया तसाच ठेवला. चोवीस हजार पाचशे एक. कायदा सांभाळला, शकुनही सांभाळला.

डॉलरचं गणित वेगळं. खाजगी प्रवासाला जाणाऱ्यानं एका खेपेला परकी नोटा न्यायच्या त्या सर्वसाधारणपणे ३,००० डॉलरपर्यंत. शंभराच्या तीस नोटा. त्यापुढचं बँकेच्या कार्डावर. वर्षाची एकूण मर्यादा अडीच लाख डॉलर आहे, पण तिची चिंता आपल्यापैकी फार थोड्यांनी करावी, आणि जे करतात ते हा लेख वाचणार नाहीत. डॉलर घेताना रोख रुपये मोजायचे ते ५०,००० च्या आतच. वरचं चेकनं नाहीतर कार्डानं. ‘माझ्याकडं रोखच हाय, घ्या की’ हा आग्रह तिथं चालत नाही.

जुन्या माणसांना हे सगळं सढळ वाटतं. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी शिकायला निघालेल्या पोराच्या हातावर सरकार आठ डॉलर टेकवायचं. तेव्हा लागू असलेला फेरा हा परकी चलनाचा कायदा माणूस चोर आहे असं धरूनच चालायचा. २००० सालच्या जूनपासून त्याच्या जागी फेमा आला. तो माणूस विसरभोळा आहे असं धरून चालतो. दंड मात्र विसरत नाही: रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो.

रोकड अंगावर घेऊन हिंडू नये हे शहाणपण आपल्या मातीतलंच आहे, हे मला इथं मुद्दाम सांगायचंय. बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाइकांचा वाडा उभा आहे. हे पेशव्यांना कर्ज देणारे सावकार. बाजीरावांची बहीण त्यांच्याच भावाला दिलेली, पण सोयरीक वेगळी आणि वसुली वेगळी. मोरोपंत त्यांच्याच आश्रयानं बारामतीत आर्या रचत राहिले, म्हणून पाठ्यपुस्तकांना वाड्यापेक्षा पंतच जास्त माहीत. त्या काळात पुण्याचा पैसा काशीला पोचवायचा तर घोड्यावर थैल्या लादण्यापेक्षा हुंडी करत. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे हातात, मुदती असेल तर ठरल्या दिवशी. वाटेत पेंढारी भेटला तरी त्याला मिळायचा कागद. आजचं फोरेक्स कार्ड म्हणजे तीच दर्शनी हुंडी, फक्त सावकाराच्या सहीऐवजी चार आकडी पिन. आबांनी तो पिन कडुलिंबाच्या खोडावर खिळ्यानं कोरून ठेवला होता, तो भाग सोडून द्या.

मात्र आजही कुणीतरी गाठतो आणि म्हणतो, ‘इथं रुपये द्या, तिथं माझा माणूस डॉलर देईल, कागद नको, भाव बरा.’ ही हुंडी नव्हे, हवाला आहे. वर सांगितलेली तिप्पट यालाही लागते.

धडा चौथा: घरच्या घरी सराव

परदेश लांब आहे. तोवर निवडणूक येते. आचारसंहिता लागली की तालुक्याच्या हद्दीवर तंबू पडतो, लोखंडी अडथळे, चार पोलीस, एक कारकून आणि कॅमेरा धरलेला एक कंटाळलेला पोरगा. याला स्थिर सर्वेक्षण पथक म्हणतात. ५०,००० च्या वर रोख सापडली आणि कागद नसला की अडचण. दहा लाखांच्या वर गेली तर प्राप्तिकर खात्याला निरोप. बारामती लोकसभेचं मतदान ७ मे २०२४ ला झालं, त्याच्या आधीच्या दीड महिन्यात आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या माणसांनी सीमा ओलांडताना रोकड जाहीर करण्याचा जितका सराव केला तितका जगातल्या कुठल्या प्रवाशानं केला नसेल. बारामतीहून फलटणला लग्नाचा बस्ता बांधायला जायचं तरी पावती, पासबुक, लग्नपत्रिका असा जामानिमा.

माझ्या मेहुण्यानं त्याच दिवसांत गाय विकली. एक लाख दहा हजार. रात्री परतताना नाक्यावर अडवला. कागद काय? गाईला कागद नसतो. त्यानं मोबाइलवर गाईचा फोटो दाखवला, दूध काढतानाचा व्हिडिओ दाखवला, गिऱ्हाइकाला फोन लावला, तो झोपलेला. पैसे जमा झाले, पंचनामा झाला, कॅमेऱ्यानं गाईचा व्हिडिओ दाखवणाऱ्या मेहुण्याचा व्हिडिओ घेतला. अर्ज, जिल्ह्याची समिती, बाजाराची पावती अशा वाऱ्या करून पंधरा दिवसांनी रक्कम सुटली. कोणतं पथक ते सांगत नाही, त्यांचंही चुकलं नव्हतं. पण तेव्हापासून मेहुणा कोंबडी विकली तरी पावती मागतो. परदेशी जायला तो अगदी तयार आहे.

धडा पाचवा: खुष्कीची सीमा

विमानाआधी बहुतेकांनी ओलांडलेली परकी सीमा म्हणजे नेपाळची. काशी, अयोध्या, पशुपतिनाथ अशी गाडी आपल्या भागातून दर वर्षी निघते. डोक्यावर पाण्याची टाकी, मागं स्वयंपाक्याचा गॅस, आत पन्नास माळकरी. २०१९ च्या उन्हाळ्यात आईला घेऊन मी गेलो होतो. आदल्या डिसेंबरात नेपाळ सरकारनं शंभराच्या वरच्या भारतीय नोटांना मनाई केली होती. भारताच्या बाजूनं शंभरपर्यंतच्या नोटा किती न्याव्यात याला बंधन नव्हतं, मोठ्या नोटांना पंचवीस हजारांचं होतं. पण पलीकडं घेतच नाहीत तर नेऊन काय करता?

निघण्याआधी महिनाभर आमच्या आळीत शंभराच्या नोटेला सोन्याचा भाव आला. भिशीत शंभर, दुधाच्या हप्त्यात शंभर, किराणावाल्याला पाचशेची द्यायची आणि सुटे मागायचे. तो वैतागून म्हणाला, “नेपाळला मी जाऊ का तुम्ही?” गाडीत आक्का नावाच्या सत्तरीच्या बाई होत्या. आठ हजार त्यांनी शंभरांत करून आणले होते, ऐंशी नोटा, आणि त्या परकराच्या खिशात. बसल्या की एका बाजूला उंच दिसायच्या. गोरखपुरात एकाच्या लक्षात आलं की आपल्याकडं सगळ्या पाचशेच्याच. तिथल्या टपरीवाल्यानं पाचशेला चार नोटा आणि एक पन्नासाची दिली. वर म्हणाला, आगे तो यह भी नहीं मिलेगा. खरं बोलत होता.

सोनौलीच्या कमानीखाली गाडी थांबली. नेपाळी शिपाई वर चढला आणि त्यानं विचारलं, बडा नोट है किसी के पास? सगळी गाडी गप्प. आक्का उठल्या, परकराचा खिसा चाचपून म्हणाल्या, “अस्सी है, सब छोटा.” शिपाई हसून उतरला. संपूर्ण प्रवासात आकडा आपण होऊन सांगणारी ती एकच बाई, आणि तिची शाळा दुसरीत सुटलेली.

पलीकडं भारतीय शंभराला नेपाळी एकशे साठ मिळतात, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. नोटा हातात पडल्या तशा गाडीतल्या बायका हरखल्या. पैसं वाढलं! चहा घेईपर्यंत हरखलेल्याच होत्या.

धडा सहावा: पलीकडची दारं

अमेरिकेत दहा हजार डॉलरच्या वर असेल तर सांगायचं. त्याच्या वर कितीही न्या, फॉर्म भरा, झालं. पण कुटुंब एकत्र निघालं असेल तर आकडा कुटुंबाचा धरतात. नवऱ्याकडं सहा, बायकोकडं पाच म्हणजे अकरा. वाटून घेतले की सुटलो, हा आपला वाटणीपत्राचा हिशोब तिथं चालत नाही. मुद्दाम वाटणं हाच वेगळा गुन्हा आहे, आणि लपवलेली सगळीच्या सगळी रक्कम जप्त होऊ शकते. आपला माणूस मात्र भारताचा नियम पाळून निघाला तर नवरा-बायको मिळून नोटा सहा हजारांच्याच होतात. अमेरिकेची मर्यादा त्याला दुरूनच दिसते, उजनीच्या पाण्यात पळसदेवचं देऊळ दिसतं तशी. गंमत म्हणजे हा दहा हजारांचा आकडा तिथं १९८४ पासून हललेला नाही. तेवढ्या काळात बारामतीत गुंठ्याचा भाव कुठून कुठं गेला ते आठवा.

युरोपात दहा हजार युरो. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात डच सहकार्यानं भाजीपाल्याचं केंद्र उभं राहिल्यापासून आपल्याकडची पोरं हॉलंडच्या काचघरांबद्दल सोमेश्वरच्या जत्रेबद्दल बोलावं तसं बोलतात, तेव्हा हे त्यांच्यासाठी. ३ जून २०२१ पासून तिथं सोन्याची नाणी आणि वळीही रोकडीत धरतात. नाणी किमान नव्वद टक्के सोन्याची, वळी किमान साडेनव्व्याण्णव टक्क्यांची. अंगावरचा दागिना त्यात येत नाही. पण पुतळ्यांची माळ बघून एखादा साहेब बुचकळ्यात पडू शकतो. त्याला सांगा की पुतळी हे मुळात व्हेनिसच्या नाण्याचंच रूप, तुमचंच सोनं परत आणलंय. हसला तर बरं, नाही हसला तर पावती दाखवा.

दुबईची मर्यादा साठ हजार दिरहम, आणि तिथं दागिने आणि हिरे-माणकांचीही किंमत त्यात धरतात. लग्नाला निघालेल्या वऱ्हाडानं लक्षात ठेवावं. भारतातून अंगावर बरंच सोनं घालून जाणाऱ्या बाईनं निघतानाच कस्टमकडून दागिन्यांचं निर्यात प्रमाणपत्र घ्यावं, म्हणजे परतताना ‘हे तिकडचं का?’ या प्रश्नाला तोंड द्यावं लागत नाही. रांग लावावी लागते. तेवढी सहन करा.

हे सगळे देश एकाच सुरात का बोलतात, हे विचारणारा एखादा विद्यार्थी असतोच. पॅरिसला एक संस्था बसते, एफएटीएफ. काळा पैसा आणि दहशतवादाचा पैसा बॅगेतून फिरतो म्हणून सीमेवर रोकड विचारा, असं तिनं सगळ्यांना बजावलंय, आणि मर्यादा पंधरा हजार डॉलर-युरोच्या वर ठेवू नका असंही. आबांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे पॅरिसला बसून ह्यांना माझ्या बंडीचा खिसा दिसतोय?” दिसतो.

धडा सातवा: परतीची वाट

हा धडा सगळ्यात अवघड, कारण जाताना पैसा आपला असतो, येताना पोराचा.

आबांचा मुलगा शहाणा. म्हणाला, बँकेत पाठवतो. आबा म्हणाले, “बँकेत नको. बँकेत आलं की सोसायटीच्या सचिवाला कळतं, सचिवाला कळलं की चावडीला कळतं.” तेव्हा निघताना त्यानं बापाच्या हातात शंभर डॉलरच्या साठ नोटा ठेवल्या. मुलानं बापाला दिलेल्या भेटीवर बापाला आपल्याकडं प्राप्तिकर नाही. तिथून निघताना रक्कम दहा हजारांच्या आत, म्हणून अमेरिकेलाही सांगायचं नाही. प्रश्न मुंबईचा.

भारतात परकं चलन आणायला मर्यादा नाही. पण नोटा ५,००० डॉलरच्या वर असतील, किंवा नोटा आणि प्रवासी धनादेश मिळून १०,००० च्या वर जात असतील, तर करन्सी डिक्लरेशन फॉर्म भरायचा. सीडीएफ म्हणतात त्याला. शंभराच्या पन्नास नोटा चालतील, एक्कावन्नावी आली की फॉर्म. पाढा तोच, नोट बदलली. एक्कावन्न हा आपल्याकडं वर्गणीचा, आहेराचा, नवसाच्या नारळांचा आकडा. दोन्ही टोकांना तोच आडवा यावा, याला काय म्हणावं? फॉर्मवर कर एक रुपयाचा लागत नाही. साहेब शिक्का मारतो, प्रत परत देतो, नमस्कार करतो. सगळ्या धड्यांतला हा सर्वांत सोपा कागद, आणि भरणारे सर्वांत कमी.

सामान घेतलं की दोन वाटा दिसतात. हिरवी आणि लाल. आपला शेतकरी हिरव्याकडं वळतो, ते स्वाभाविकच आहे. पण हिरव्या वाटेनं चालू लागणं म्हणजेच ‘माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही’ असं सरकारला तोंडी लिहून देणं. तिथं अडवलं आणि सापडलं, तर ‘मला माहीत नव्हतं’ ऐकायला कुणी बसलेलं नसतं. साठ नोटा असतील तर लाल वाट.

पुढची हकिकत काकूंची. मी बाहेर गाडी घेऊन उभा होतो.

आबा ट्रॉली ढकलत हिरव्या वाटेपर्यंत गेले, थांबले, माघारी वळले आणि लाल वाटेला लागले. काकू मागून, “अवो, हिकडं कुठं?” आबा गप्प. टेबलामागं मराठी साहेब. “काय आहे बाबा?”

आबांनी मागं बघितलं. काकू अडीच हातांवर. वाटून घेतले असते, तिच्या पर्समध्ये तीस ठेवले असते, असं मला नंतर म्हणाले. पण मग तिला आकडा सांगावा लागला असता.

“सहा हजार डॉलर,” आबा म्हणाले. कडबाकुट्टीच्या सरावामुळं आवाज जरा मोठाच लागला. शेजारच्या टेबलावरच्या साहेबानंही वर बघितलं.

मग बंडीची बटणं, मग टाका. दातानं तुटेना. आबांनी मान खाली घालून काखेखाली तोंड नेलेलं बघून साहेबानं ड्रॉवरमधून कात्री काढून दिली. नोटा मोजल्या, साठ. फॉर्म भरला, शिक्का बसला. साहेब म्हणाला, “बाबा, असं सांगणारी माणसं कमी येतात.” आबा खूश. काकू नोटांकडं बघत होत्या.

गाडीत लोणावळ्यापर्यंत कुणी बोललं नाही. मग काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “सहा म्हंजे रुपयांत किती?” आबा म्हणाले, “भाव रोज बदलतो.”

घरी पोचलो तर ओसरीवर धाकटे चुलते, शेजारी, सोसायटीचा सचिव, सगळे जमलेले. चहा झाला, चॉकलेटं वाटली, आणि मग सचिवानंच विचारलं, “मग आबा? लेकानं काय दिलं का न्हाई?”

“कुठलं काय,” आबा म्हणाले. “त्याचं त्याला पुरतंय. जेमतेम भाडं सुटलं आमचं.”

काकूंनी कपबश्या गोळा केल्या आणि आत गेल्या. हसू दिसू नये म्हणून पदर तोंडाला.

शिक्क्याचा फॉर्म आता ज्वारीच्या डब्यात आहे, नोटाही तिथंच. परदेशातून आणलेल्या नोटांपैकी २,००० डॉलर जवळ ठेवता येतात, वरच्या परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत विक्रेत्याकडं मोडाव्या लागतात, हे मी आबांना सांगितलंय. चिल्लर मात्र कितीही ठेवा. एकशे दहा दिवस झाले. आबा अजून ‘भाव चढू दे’ म्हणतायत. काकू डब्यावरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारतात, आणि परवा सराफाकडून पाटल्यांचं वजन विचारून आल्या.